ज्योतीच्या पुढं

शेजारची पोरगी बी.ए.ला हाय. इतिहास घेतलाय तिनं, आन मोठ्यानं वाचल्याबिगर तिच्या ध्यानात राहत न्हाई. आमची भिंत एकच. परवा मी भाकरी थापून राहिले होते आन ती तिकडून वाचून राहिली होती की लई जुन्या काळात तिकडं युरोपात लोकांनी अंगरख्यावर कापडाचा क्रूस शिवून घेतला आन देवाचं गाव सोडवायला निघाले. हजारो लोक. संग बाया, संग लेकरं, बैलगाड्या. किती लांब हाय ते बऱ्याच जणांना ठावच न्हवतं. वाटेत घोडे मेले तर शेळ्यांच्या आन कुत्र्यांच्या पाठीवर सामान लादलं. लढाई राह्यली लांब, त्याच्या आधीच उन्हानं, तहानंनं, तापानं माणसं रस्त्यात पडली. आन गाडीतली लेकरं, कुठलंबी मोठं गाव दिसलं की इचारायची, हेच का ते गाव?

माझा हात परातीतच राह्यला.

"भाकर जळून राहिली," आत्याबाई ओट्यावरून म्हणल्या. आत्याबाई म्हंजी माझी सासू. "नाक माहेरी ठिवून आलीस का?"

म्या भाकर उलथली न्हाई. भिंतीजवळ गेले आन म्हणलं, "ए बाई, ते लेकरांचं पुन्यांदा वाच."

तिनं वाचलं. मला वाटलं हे कोणी आमचंच लिहून ठिवलंय.

आमचं गाव कुरुंद्याच्या अंगाला. हळदीचं गाव. दरसाली नवरात्राचे घट बसायच्या आदल्या दिवशी गावातली पोरं माहूरला जातात, आईच्या दिव्यावर मशाल पेटवतात आन ती ज्योत पळत पळत गावात आणतात. एकजण दमला की दुसऱ्याच्या हातात. ज्योत थांबवायची न्हाई, खाली ठिवायची न्हाई, विझू द्यायची न्हाई. पायात कोणी काही घालत न्हाई. मागं टेम्पो असतो, त्याच्यात तेलाचे डबे, डीजे आन दमलेली पोरं. एक कंदील बी असतो, माहूरच्याच दिव्यावर लावलेला, कारण रस्त्यात वाऱ्यानं ज्योत गेलीच तर त्या कंदिलावर पुन्हा पेटवायची. आन एक नेम असा की ज्योतीच्या पुढं गाडीचं चाक जायचं न्हाई. आई पुढं, आपण मागं. हे आमच्याकडं बारक्या लेकराला बी ठाव हाय.

बाया कोणी जात न्हाईत. मी गेले ते नवसापायी. मला दोन येळा दिवस गेले आन दोन्ही येळा पोट रिकामं झालं. तवा आत्याबाई माहूरला जाऊन बोलून आल्या की नातू दे, त्याचं जावळ तुझ्या पायरीशी काढीन आन तुझ्या ज्योतीच्या मागं त्याला घरी आणीन, आन ज्योत घरी येईस्तोवर त्याची माय अन्न घेणार न्हाई. माय म्हंजी मी. मला कोणी इचारलं न्हवतं, पण मला तवा इचारलं असतं तर मी व्हयच म्हणले असते. मी गुडघ्यावर चालत बी गेले असते.

लेकरू झालं. दात येऊन राहिले होते, रांगत होतं, तवा आमी निघालो. लेकराचे पप्पा पळणारांत. मी, लेकरू आन आत्याबाई टेम्पोत. टेम्पो गावातल्या चाचाचा. चाचा मुसलमान, त्यांच्या वडिलापासून आमच्या गावात गाडी धंदा, आन ज्योतीला कैक वर्सं त्यांचीच गाडी. निघताना हसून म्हणले, "भाभी, माझ्या गाडीत देवी बसते, डीजे बसतो, पोरं बसतात. मलाच तेवढी जागा न्हाई."

"तुमी पुढं बसा भाऊ, तुमाला कोण उठवतंय," आत्याबाई म्हणल्या.

ज्योतीच्या मंडळाचा अध्यक्ष बी होता. लेकराच्या पप्पाच्या वर्गातलाच, पण गळ्यात पट्टा घातला की त्याचा आवाज बदलतो. मला म्हणला, "वहिनी, लेकरू रडलं तर डीजेचा आवाज वाढवू. कोणाला ऐकू येणार न्हाई."

सगळे हसले. मी बी हसले.

माहूरला जावळ काढलं. लेकराला थंड पाण्यानं अंघोळ घातली, ते लई रडलं. मग टाळूला वारं लागू नये म्हणून आत्याबाईंनी कानटोपी घातली, वर स्वेटर, वर शाल. ज्योत पेटली आन आमी निघालो. रातभर पोरं पळत होती. सकाळी म्या टेम्पोच्या फळीवरून पाह्यलं तर एकेकाचे पाय बघवत न्हवते. फोड फुटून कातडं लोंबत होतं, एकानं पायाला बारदाना बांधला होता, एकाच्या टाचंतून काचंचा तुकडा चाचानं पकडीनं काढला. मशालीचं गरम तेल मनगटावर गळून लेकराच्या पप्पाच्या हाताला डाग पडले होते. एक ट्रक एवढ्या जवळून गेला की झेंडा धरलेला पोरगा नालीत पडला, उठला, आन पुन्हा पळाया लागला. कोणी मागं पाह्यलं न्हाई. मला तवा ते लई मोठं वाटलं. मला वाटलं माझा नवरा असा हाय.

ऊन वर आलं. आश्विनातलं ऊन, ते अंगाला चिकटतं. टेम्पोचा पत्रा तापला. डीजेचे डबे छातीत वाजत होते, जनरेटरचा धूर आमच्याच तोंडावर. हदगाव आलं तवा लेकरू किरकिर करून राहिलं होतं, दोनदा ओकलं, जुलाब झाले. म्या पाजायला घेतलं तर अंगावर दूधच न्हाई. कालपासून पोटात काही न्हवतं, कुठून येईल. ते ओढायचं, काही यायचं न्हाई, मग तोंड फिरवायचं.

"आत्याबाई, ह्याचं अंग लई तापलंय."

"दात येऊन राहिलेत. आन ऊन हाय. घरी गेल्यावर बराबर होईल."

त्यांनी अंगारा लावला. मला बी तेच वाटलं. हदगावातून गाडी निघाली, दवाखान्याच्या पाट्या मागं गेल्या, म्या त्या वाचल्या बी.

फुडं एक येळ आली की मला वाटलं लेकरू निजलं. रडायचं थांबलं म्हणून मला बरं वाटलं. डीजे एवढा वाजत होता की ते रडतंय का न्हाई ते मला मांडीवर असून ऐकू येत न्हवतं, मी तोंडाकडं बघून ओळखत होते. मग माझ्या पोटाला काहीतरी टणटण लागाया लागलं. म्या खाली पाह्यलं. त्याच्या टाचा होत्या. पाय लाकडावानी ताठ, मुठी आवळलेल्या, डोळे वर, नुसतं पांढरं. तोंडातून फेस. दात दोनच आलेले, तरी जबडा घट्ट आवळून धरलेला.

मी वरडले. डीजेत कोणाला ऐकू गेलं न्हाई. मी आत्याबाईला हातानं हलवलं.

"आकडी," त्या म्हणल्या. त्यांचं तोंड एकदम बारीक झालं. "चप्पल आणा. चप्पल नाकाला लावा. कांदा न्हाई तर चप्पल."

आमच्याकडं आकडीला चपलीचा वास देतात. पण त्या टेम्पोत चप्पल कोणाची असणार? सगळे अनवाणी. मी अनवाणी, आत्याबाई अनवाणी, दमून झोपलेली पोरं अनवाणी. एवढ्या माणसांत एक चप्पल न्हाई. आत्याबाईंनी पुढच्या खिडकीवर बुक्क्या मारल्या तवा चाचानं मागं पाह्यलं, लेकराकडं पाह्यलं, आन स्टेरिंग एका हातात धरून खाली वाकून पायातली चप्पल काढून खिडकीतून आत दिली. म्या ती लेकराच्या नाकाला लावली. काही झालं न्हाई. त्याचे ओठ निळे पडून राहिले होते.

"चाचा, गाडी पळवा," म्या खिडकीतून म्हणलं. "वारंगा फाट्याला दवाखाना हाय."

चाचाचे डोळे मला आरशात दिसले. "बेटा, ज्योत पुढं हाय."

"असू द्या ना."

"म्या कशी काढू?" ते म्हणले. "दुसऱ्यानं काढली तर चुकला म्हणतील. म्या काढली तर..." मला न सांगता कळलं. त्यांचा हात हॉर्नवर होता पण त्यांनी हॉर्न वाजवला न्हाई. गाडी आपली पळणाराच्या चालीनं चाललेली, बैलगाडीवानी.

मग मला काय झालं ते मला ठाव न्हाई. मी लेकरू घेऊन फळीवरून खाली उडी मारली. गुडघे फुटले ते मला रातच्याला कळलं. डांबर असं तापलं होतं की पाय ठिवला की चर्र व्हायचं. मी टेम्पोच्या बाजूनं पळाले, झेंडेवाल्यांच्या बाजूनं पळाले. ज्योत तवा कोणाच्या हातात होती? लेकराच्या पप्पाच्या.

मी त्यांच्या बराबरीनं आले. लेकरू त्यांच्या तोंडापुढं धरलं.

"बघा हो. बघा ह्याला काय झालं."

त्यांनी पाह्यलं. त्यांनी नीट पाह्यलं, हे मला पक्कं ठाव हाय. त्यांचं तोंड तेलानं काळं झालं होतं, त्याच्यावर घामाच्या रेघा. ते थांबले न्हाईत. पळता पळता म्हणले, "गाडीत बस. आई बघून घेईल."

मी त्यांच्याकडं बघतच राह्यले. पळता पळता बघत राह्यले. मला वाटलं अजून काही म्हणतील. ते समोर बघून पळत होते, दोन्ही हातांनी मशाल धरून.

मागून अध्यक्ष वरडला, "वहिनी, पुढं जाऊ नका. वहिनी, नेम मोडू नका."

मी पुढं गेले.

ज्योतीच्या पुढचा रस्ता रिकामा असतो. मला ते ठाव न्हवतं, कारण ज्योतीच्या पुढं मी कधी गेलेच न्हवते. नुसतं ऊन आन डांबर. मोटरसायकलवाले ज्योत बघून बाजूला थांबून हात जोडत होते, मी त्यांना हात करत होते, त्यांना वाटत होतं माझ्या अंगात आलंय. एक बाई तर माझ्या पाया पडली. मी म्हणत होते दवाखाना, दवाखाना, आन ती डोकं टेकून राहिली होती.

मग मला मागून डीजे जवळ येताना ऐकू आला. आधी वाटलं माझ्या डोक्यातच वाजून राहिलाय. मग डबे आदळल्याचा आवाज झाला. टेम्पो रस्त्याच्या खाली मातीत उतरला होता आन पळणारांना वळसा घालून येत होता, एका अंगाला पार कलंडून. आन आत्याबाई मागून उतरून आता पुढच्या सीटवर होत्या. खिडकीतून अर्ध्या बाहेर. त्यांच्या हातात तो कंदील, आन तो त्यांनी हात लांब करून गाडीच्या तोंडाच्या बी पुढं धरलेला.

"ही घ्या ज्योत," त्या पोरांवर वरडत होत्या. पदर डोक्यावर न्हवता. "माहूरचीच हाय. गाडीच्या पुढं हाय का न्हाई? बघा, बघा डोळे फाडून. चाचाला कोणी बोलायचं न्हाई. नवस माझा हाय, गाडी म्या काढायला लावली. म्या."

चाचानं दार उघडलं, मला बखोटीला धरून आत ओढलं, आन मग ती गाडी अशी पळाली की मी तशी कधी पळालेली पाह्यली न्हाई. तेलाचे डबे रस्त्यात सांडले. मागची पोरं जागी होऊन वरडत होती. एखादं गाव दिसलं की मी इचारायची, "चाचा, हेच का वारंगा?" आन चाचा म्हणायचे, "न्हाई बेटा, फुडं." पुन्हा चार घरं, एक पानटपरी. "हेच का?" "फुडं बेटा."

म्हणून परवा मी भिंतीपाशी उभी राह्यले. दुसरं काही न्हाई.

वारंगा फाट्याला हॉटेलांच्या रांगेमागं एक छोटा दवाखाना हाय. तिथल्या डॉक्टरांनी आधी काही इचारलंच न्हाई. कानटोपी काढली, शाल काढली, स्वेटर कात्रीनं कापला. सुई दिली, ओल्या फडक्यानं अंग पुसाया लावलं, बारक्या हाताला सलाईन लावली. लेकराची मूठ हळूहळू सुटली. मग मला म्हणले, "दूध कधी पाजलं शेवटचं?"

म्या सांगितलं. काहून पाजता आलं न्हाई ते बी सांगितलं.

त्यांनी माझ्या ओठांकडं पाह्यलं. मग आत्याबाईकडं. "अंगातलं पाणी संपलंय लेकराच्या. एवढ्या उन्हात एवढे कपडे, त्याच्यावर ताप. अजून उशीर झाला असता तर माझ्याकडं आणून काही उपयोग न्हवता." आन कंपाउंडरला म्हणले, ह्या बाईला आधी काहीतरी पाजा.

मला त्यांनी ग्लासात साखरमिठाचं पाणी दिलं. ज्योत घरी गेली न्हवती. म्या आत्याबाईकडं पाह्यलं. त्यांनी ग्लास माझ्या तोंडाला लावला.

तवा मला दिसलं की त्यांच्या दुसऱ्या हातात कंदील अजून तसाच हाय. काच काळी झालेली, बोटाला फोड आलेले. आन कंदील विझलेला. केव्हाचा विझला होता कोणास ठाव, वाऱ्यानं पहिल्याच झपाट्यात गेला असंल. त्यांनी कोणाला सांगितलं न्हाई, तसाच धरून आल्या.

माझ्या काखेत चाचाची चप्पल होती. चाचा बाहेर पायरीवर बसले होते, एक पाय अनवाणी. म्या त्यांना चप्पल नेऊन दिली तर म्हणले, "राहू दे ना, लेकराला बरं वाटेस्तोवर ठिव," आन हसायला गेले, पण त्यांना हसू आलं न्हाई.

बऱ्याच येळानं ज्योत फाट्यावरून गेली. पोरांचा गजर ऐकू आला. मशाल आता अध्यक्षाच्या हातात होती. लेकराचे पप्पा मागून लंगडत दवाखान्यात आले. फरशीवर त्यांच्या पायाचे ओले लाल ठसे उमटले. लेकराजवळ उभे राह्यले, हात लावायला भीत होते.

ते म्हणले, "हातात होती ना. खाली ठिवता येत न्हाई."

पुन्हा म्हणले, "कुठं ठिवणार होतो?"

ते खोटं बोलत न्हवते, आन वाईट माणूस बी न्हाईत. ते लेकराला मांडीवर घेऊन भात चारतात. मला त्याचीच जास्त भीती वाटते. वाईट माणूस असता तर मला समजलं असतं.

ज्योत गावात गेली, घट बसले. आमी तीन दिवस दवाखान्यातच. म्हंजी नवस अर्धाच राह्यला, लेकरू ज्योतीमागं घरी आलं न्हाई. गावात गेल्यावर आत्याबाईंनी आरतीला उभं राहून सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं की गाडी म्या काढायला लावली. पण फुडच्या साली ज्योतीला दुसऱ्याची गाडी लागली. चाचा ओट्यावर येऊन बसले आन म्हणले, "बरं झालं भाभी. डीजेनं माझे कान गेले होते." आत्याबाईंनी त्यांना चहा दिला.

लेकरू आता पळतं. त्याला काहीच आठवत न्हाई.

परवा भाकरी झाल्यावर म्या त्या पोरीला पुन्हा हाक मारली. "बाई, ते जे लोक जिते वापस आले, त्यांनी मग काय केलं?"

तिनं पानं चाळली. "काही काही पुन्हा गेले, वहिनी."

"कुठं?"

"तिकडंच. देवाच्या गावाला. काहीजणांचा नवस राह्यला होता म्हणे."

"पुन्हा गेले?"

"व्हय. त्यांची पोरं बी गेली मागून."

आन त्याच सांजच्याला अध्यक्ष दारात आला. गळ्यात पट्टा न्हवता, नुसताच आला, चांगलं बोलला. "वहिनी, राह्यलेला नवस औंदा फेडून टाका. लेकरू मोठं झालंय, आता काय भीती. आईचं राह्यलेलं बरं नसतं." लेकराचे पप्पा अंगणात मशालीला नवं फडकं गुंडाळून राहिले होते. त्यांनी वर पाह्यलं न्हाई. म्हणले, "बघू." पण फडकं गुंडाळायचे थांबले न्हाईत. मला ते तोंड ओळखीचं वाटलं. तेच, समोर बघणारं.

लेकराला मशाल दिसली. ते पप्पा पप्पा करत उंबऱ्यावरून निघालं, अनवाणी, हात पुढं करून.

म्या त्याला मागून उचललं, आत घेतलं, आन दाराला आतून कडी लावली.

बाहेरून लेकराच्या पप्पाची हाक आली, "कडी काढ. काय येडेपणा हाय हा? माणूस दारात उभा हाय."

लेकरू दारावर हात मारत होतं. आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांचा नवस अजून जागा हाय, त्या रोज माहूरकडं तोंड करून हात जोडतात. म्या त्यांच्याकडं पाह्यलं.

त्या उठल्या न्हाईत. चुलीत काटकी सारत म्हणल्या, "राहू दे लावलेली."